एक धरला

ज्या शहराला आपल्या रस्त्याचा मध्य सापडला, त्या शहराला आपलं भविष्य सापडलं! हे वाक्य जालन्यातल्या मस्तगडच्या तोंडाशी वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर छापून टांगलं होतं. वाऱ्यानं फाटू नये म्हणून फ्लेक्सला ब्लेडनं अर्धगोल भोकं पाडतात; त्यातलं एक नेमकं ‘मध्य’ या शब्दावर पडलं होतं. त्यामुळे शहराला आपल्या रस्त्याचं नक्की काय सापडलं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. भोकातून मागच्या पाइपावर बसलेलं एक कबूतर तेवढं दिसत होतं, आणि तेही पाठमोरं.

त्या फ्लेक्सच्या सावलीत पुंजाराम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मांडीवर पिवळं हेल्मेट. डोक्यावर घालायची लाज वाटत होती, आणि खाली उताणं ठेवलं तर येणारा-जाणारा त्यात नाणं टाकील अशी भीती वाटत होती. वय एकोणसत्तर. बांधकाम खात्यात त्यानं बत्तीस वर्षं चेनमन म्हणून काढली, म्हणजे मोजणीच्या टेपचं शून्याकडचं टोक धरून उभं राहण्यात काढली. दुसरं टोक साहेबाकडं असायचं, कारण आकडा तिकडं असतो. साहेब बदलले, सरकारं बदलली, फूट जाऊन मीटर आले. शून्य मात्र तेच राहिलं आणि ते धरणारा पुंजारामच राहिला. आज त्याला ऑफिसनं ‘जुने माहितगार’ म्हणून बोलावलं होतं. त्र्याण्णव साली हा रस्ता रुंद केला तेव्हाच्या मोजणीला जे जे हजर होते ते एकेक करून गेले, आणि हा उरला. जिवंत असणं एवढीच त्याची पात्रता होती. तिच्यासाठीही हयातीच्या दाखल्याची सत्यप्रत जोडावी लागली होती.

शहराला ट्राम येणार होती. ट्राम नेमकी कशी असते ते मस्तगडात कुणी पाहिलं नव्हतं. पण तिला रस्त्याच्या मधोमध स्वतःची वाट लागते, त्या वाटेवर दुसऱ्या कुणी चाक टाकायचं नाही, आणि तेवढ्यासाठी दोन्ही बाजूंची दुकानं तीन-तीन फूट मागं सरकणार, हे मात्र शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. तालीम म्हणून सकाळीच रस्त्यावर फक्कीचे पांढरे पट्टे ओढले होते. या दोन पट्ट्यांच्या मधली जागा दिवसभर मोकळी ठेवावी, अशी भोंग्यावरून विनंती फिरली. साडेदहापर्यंत त्या मोकळ्या जागेत ओळीनं सव्वीस मोटारसायकली लागल्या, आणि पार्किंगची इतकी नीट सोय केल्याबद्दल दोघातिघांनी आकांक्षा मॅडमचे आभारही मानले. आकांक्षा मॅडम कनिष्ठ अभियंता. तोंडाला स्कार्फ, हातात लेझरचं यंत्र, वय पुंजारामच्या नातीएवढं. तिनं आभार निमूटपणे घेतले आणि सव्वीस हा आकडा वहीत लिहून ठेवला.

“ट्राम म्हंजे जावई समजा, मॅडम,” कडूबा टेलर दुकानातून म्हणाला. “येईस्तोवर सडा-रांगोळी, अन् आला की समद्यांनी सरकून बसायचं.”

लोक हसले. आकांक्षा मॅडमही स्कार्फच्या आत हसली असावी. कडूबा नाही हसला. तो बोलला तेही रस्त्याकडं न बघता. त्याची शिलाई मशीन दुकानात आडवी मांडलेली होती, डावा खांदा रस्त्याकडं करून. तीस वर्षं असं बसून त्याची मान तेवढ्या बाजूला आखडून गेली होती. कुणाशी बोलायचं तर त्याला सगळं अंगच वळवावं लागे, आणि सगळं अंग वळवण्याइतकं महत्त्वाचं गिऱ्हाईक आता फारसं येत नसे. रेडिमेडनं शर्ट-पँट नेले. उरलं फॉल-पिको, चेन बसवणं, उशांच्या खोळी. नवख्याला वाटायचं, शिंप्याला रस्त्याचा राग आहे.

आकांक्षा मॅडम दुकानात शिरली. तिनं यंत्र उंबऱ्याला टेकवलं. मागच्या दगडी भिंतीवर लाल ठिपका उमटला आणि थरथरत स्थिर झाला. त्या ठिपक्याकडं पुंजारामची नजर गेली आणि त्यानं मांडीवरचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं. जिन्याची एक पायरी कमी निघाल्यावर कठडा धरावा, तसं.

“सात,” ती म्हणाली. मग वही चाळून म्हणाली, “जुन्या नोंदीत आठ आहे.” पुन्हा मोजलं. पुन्हा सात. जुनी नोंद फुटात होती म्हणून तीही फुटात बोलत होती, परदेशी पाहुण्याशी त्याच्या भाषेत बोलावं तशी जपून. ती बाहेर आली आणि पुंजारामच्या खुर्चीशी वाकली. “काका, अडचण झाली. नियम असा आहे की तीन फूट घेऊन मागं पाच उरले तर दुकान ठेवायचं. पाचाच्या आत उरलं तर दुकान धरायचंच नाही, सगळंच काढायचं. नोंदीप्रमाणं आठातून तीन गेले, पाच. दुकान राहतं. पण प्रत्यक्षात सातातून तीन गेले की चार.”

“चार,” पुंजाराम म्हणाला.

“आता जर त्र्याण्णवलाच यांचा एक फूट चुकून जास्तीचा गेला असेल, तर तो यांच्या खात्यावर धरून मी दोनच फूट घेऊ शकते. पण तसं सांगणारं कोणीतरी पाहिजे. तुम्ही होता ना त्या मोजणीला? मग तो फूट गेला कुठं?”

दुकानात मशीन चालू होती. ती थांबली.

पुंजारामच्या तोंडात त्या वेळी काहीही नव्हतं. तंबाखू सुटून सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी गालाच्या आत आरसा घालून असं काही दाखवलं होतं की पुडी त्या दिवशीच नालीत गेली. तोंड स्वच्छ, रिकामं, कवळीसह तयार. एक वाक्य बोलायचं होतं. त्यातले शब्दही दोनच, आणि ते त्यानं आयुष्यात लाखभर वेळा तरी म्हटलेले.

“बघून सांगतो,” तो म्हणाला.

“चारपर्यंत सांगा. संध्याकाळी नकाशा वर जायचाय.”

मशीन पुन्हा सुरू झाली.

काय बघून सांगणार होता? बघण्यासारखं काही राहिलेलंच नव्हतं. तो उठला, हेल्मेट खुर्चीवर ठेवलं, मग परत उचललं, आणि ते बगलेत मारून घराकडं चालू लागला. पायाखाली फक्कीचा पट्टा लागला तेव्हा ओलांडू की नको म्हणून तो तिथंच घुटमळला. मागून रिक्षावाला ओरडला, “ओ बाबा, ट्रामची वाट पाहून राह्यले का?” तेव्हा कुठं त्यानं पाय उचलला. चपलेला फक्की लागली. पुढची पंधरा-वीस पावलं त्याच्यामागं एकाच पायाचे पांढरे ठसे उमटत राहिले, लंगड्या माणसानं नव्या नवरीसारखं घरात यावं तसे.

त्र्याण्णवचा मार्च. ऊन असंच. अप्पाराव ओव्हरसियर, तो आणि एक पन्नास फुटी कापडी टेप. या टेपचा पहिला फूट जीपच्या दारात सापडून चेंगरून गेला होता आणि नव्या टेपचा मागणीअर्ज तीन वर्षांपासून वर गेलेला होता. तो बहुतेक अजून वरच असावा. पण कामं थांबत नाहीत. टेपचं टोक गेलं तर चेनमन काय करतो? शून्याऐवजी एकाचा आकडा भिंतीला लावतो आणि मोठ्यानं ओरडतो, “एक धरलाऽ!” म्हणजे समोरच्यानं समजायचं की आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा, किंवा आठ पाहिजे असतील तर नवावर खूण करायची. एवढाच त्या धंद्यातला वेद. लांब असेल, गलका असेल, तर हात वर करून एक बोट दाखवायचं. पुंजारामच्या जिभेला त्याची इतकी सवय झालेली की लेकीच्या लग्नात अंतरपाटाचं टोक धरायला त्याला उभं केलं, आणि भटजींनी “सावधान” म्हणायच्या आत हा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, “एक धरला!” व्याही अजूनही भेटले की बोट वर करतात.

असा माणूस विसरतो का? पुंजारामला इतकी वर्षं याच प्रश्नानं पोखरलं होतं. विसरला असता तर बरं झालं असतं. विसरणं म्हणजे नुसती चूक, आणि चुकीला खात्यात फार माया असते. पण त्याला त्या दुपारचं सगळं आठवत होतं. रांगेतल्या सगळ्या दुकानांची मागची भिंत एकच, जुनी दगडी, ती हलायची नाही म्हणून मापं तिच्यापासून धरायची. भिंतीपासून आठ फुटांवर तांबडी खूण. खुणेच्या पुढचं ते रस्त्याचं. कडूबाच्या आधी सहा दुकानं झाली. सहा वेळा तो ओरडला. सातवं कडूबाचं. तो आत शिरला, थानांच्या ढिगाच्या मागं, जिथं कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास कोंडलेला असतो. उजव्या हातानं टेपचा एक भिंतीला टेकवला. तोंडात तंबाखूचा बार. बाहेरून अप्पाराव ओरडला, “धरला काऽ?” आणि पुंजारामनं तोंड न उघडता टेपला दोन हिसके दिले. म्हणजे धरला. अप्पारावनं आठावर खूण केली. भिंतीपासून आठावर, पण टेपवरच्या आठावर. खरे सात.

का नाही ओरडला? त्याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं, गेली तीस वर्षं तयार होतं, घडी घालून ठेवलेल्या धोतरासारखं. तोंडात बार होता. बोलायचं तर आधी थुंकावं लागलं असतं. थुंकायचं कुठं? चहूकडं कडूबाचं नवं कोरं कापड, उधारीवर आणलेलं. मित्राच्या मालावर पिंक नको म्हणून तो गप्प राहिला. उत्तर ऐकायलाही बरं होतं, त्यात थोडी माणुसकीही होती. फक्त दर चार-सहा महिन्यांनी ते एकदा झटकून बघावं लागे, आणि झटकलं की त्याला एक नवं भोक दिसे.

“जेवता का नुसतं पाहता ताटाकडं?” दैवशाला म्हणाली. तो घरी येऊन ताटावर बसलाही होता, हे त्याला तेव्हा कळलं. हेल्मेट तिनं कांद्याच्या टोपलीत ठेवलं होतं. “काय झालं मोजनीचं?”

“कडूबाचं दुकान जाऊन राह्यलं.”

तिचा भाकरी थापणारा हात थांबला. “कडूबाभाऊजींचं? अन् तुम्ही काय केलं मंग? तुम्हाला तं माहितगार म्हून नेलं व्हतं.”

“मी काय करनार?”

“काहीच करायचं नव्हतं तं तुमालाच कामून नेलं? हेल्मेट सांभाळायला शिपाई नव्हता का त्याह्यला?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “माही दोन्ही बाळंतपनं त्या मानसानं शिवली. अंगडी-टोपडी, दुपटे. एक छदाम न्हाई घेतला. अन् तुम्ही नुसते पाहून आले.”

त्यानं ताकाचा मोठा घोट तोंडात भरला आणि गिळला नाही. गाल फुगवून बसला. मग, कशासाठी ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, भरल्या तोंडानं त्यानं ते दोन शब्द म्हणून पाहिले. स्वर बऱ्यापैकी स्पष्ट निघाला. ताकही निघालं, अर्धं शर्टावर, अर्धं भाकरीवर.

“झालं,” दैवशाला शांतपणे म्हणाली. “हे व्हायचंच राह्यलं व्हतं.”

म्हणजे बोलता येतं. भरल्या तोंडानंही येतं. कडूबाच्या कापडावर थोडं शिंपडलं असतं, एवढंच. आणि नसतंच बोलता आलं, तरी डावा हात? डाव्या हातानं तो त्या वेळी काय करत होता? बोट वर करायला तो मोकळा होता. तो थानांच्या ढिगावर टेकवलेला होता, आणि ढिगाच्या वर कडूबाची मापाची वही पडलेली होती. त्या वहीत त्याच दिवशी सकाळी कडूबानं त्याचं माप लिहिलं होतं. नव्या शर्टासाठी. दुकानात चार माणसं बसलेली, आणि कडूबा छातीभोवती टेप गुंडाळून मोठ्यानं म्हणाला, “बत्तीस.” पुंजाराम म्हणाला, “चौतीस असंन, नीट पाय.” कडूबा म्हणाला, “श्वास सोड, मंग पायतो. बत्तीस. सरकारी टेप न्हाई हा.” चार माणसं हसली. पुंजारामही हसला. हसला, पण गालात काहीतरी अडकून राहिलं, आणि तीन तासांनी तोच माणूस त्या वहीवर हात टेकून, तोंड मिटून, टेपला दोन हिसके देत उभा होता.

दोन इंचांसाठी बारा इंच! हे उत्तर खरं असतं तरी पुंजारामनं कसंबसं पचवलं असतं. क्षुल्लक माणूस, क्षुल्लक सूड. त्यात निदान हसण्यासारखं तरी होतं. सकाळी मॅडमनं नकाशा उघडला होता तेव्हा त्यानं पाहिलं होतं. सगळा मस्तगड भाकरीएवढा, कडूबाचं दुकान तिळाएवढं, आणि एक फूट म्हणजे शाईच्या रेघेची जाडी. रेघेच्या अलीकडच्या कडेपासून पलीकडच्या कडेपर्यंत, बस. त्या जाडीत एक माणूस तीस वर्षं मान वाकडी करून बसला होता, आणि दुसरा, तिथूनच जवळ, तीस वर्षं नीट झोपला नव्हता. नकाशावर दोघांपैकी कुणीच दिसत नव्हतं.

दैवशालानं त्याच्यापुढं कोरा चहा ठेवला. कपाचा कान तुटलेला होता. कालच नातवानं पाडला होता. त्यात विशेष काही नव्हतं. घरोघरी असे कप असतात. पण पुंजारामनं तो दोन्ही तळव्यांत धरला, चटका बसला, आणि तो चटका त्याला भोकरदनच्या अलीकडच्या त्या गावी घेऊन गेला, जिथून तो आणि कडूबा एकाच एसटीनं, एकाच वळकटीवर बसून जालन्याला आले होते. पुंजारामच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कडूबा गावी आला होता. नवरदेवाचा कोट त्यानं स्वतःच्या हातानं शिवलेला. रात्रंदिवस बसून शिवलेला, कारण नव्यानं शिकलेल्या धंद्यातला तो त्याचा पहिला कोट. अंगणात उभं करून त्यानं पुंजारामच्या अंगावर तो चढवला, खांद्यावरची घडी मोडली, चार पावलं मागं सरकून पाहिलं. “साहेब दिसतो लेका.” मग पुंजारामची आई, चांगुणाबाई, चहा घेऊन बाहेर आली. बाई मायाळू. दारचं कुत्रंसुद्धा तिच्या हातून उपाशी गेलं नाही. मांडवातल्या सगळ्यांना तिनं पितळी ताटातल्या कपांतून चहा दिला. कडूबासाठी मात्र ती ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्याकडं वळली. तिथं एक कप असायचा. कान तुटलेला. तो फक्त त्या वस्तीवरून कुणी आलं तरच खाली यायचा. कडूबाच्या घरच्यांनी छपन्न सालीच दीक्षा घेतलेली, त्याच्या बापानं सगळे जुने देव नदीत सोडून दिलेले. पण कोनाड्यातल्या कपाला त्याची वर्दी अजून गेलेली नव्हती.

कडूबानं तो कप दोन्ही तळव्यांत धरला. प्यायला. रांजणापाशी कुणी तरी वरून पाणी ओतलं, त्यानं स्वतःच तो धुतला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. ठेवताना एकदा, फक्त एकदाच, त्यानं पुंजारामकडं पाहिलं. पुंजाराम कोट घालून चार हातांवर उभा होता. दोघं जालन्याला एका खोलीत राहत, एका ताटात जेवत. दोन शब्द बोलायचे होते. “आई, माझा कप दे त्याला.” फार तर पाच शब्द.

हळद लागलेली होती. नवरदेवाला तंबाखू बंद होती. तोंडात काहीही नव्हतं.

पुंजारामनं चहा खाली ठेवला. आता झटकायला काही राहिलं नव्हतं. घडीचं धोतर उलगडलं होतं आणि त्यात धोतर नव्हतंच, नुसती भोकं होती. दुकानातल्या त्या दुपारी तंबाखू त्याला अडवत नव्हती, बत्तीसचा आकडाही अडवत नव्हता. तो फक्त जे आधी करून चुकला होता तेच करत होता. कडूबाचं काही जात असलं की आपण गप्प राहायचं असतं, हे कुणी शिकवल्याशिवाय त्याच्या जिभेला येत होतं. नाहीतर आधीच्या सहा दुकानांत त्यानं सहा वेळा तोच बार गालात सरकवून आरोळी दिली नसती. सहाच्या सहा वेळा! हे त्याला आज पहिल्यांदाच आठवलं. की आठवत होतंच, आणि आजवर त्यानं त्याला आत येऊ दिलं नव्हतं?

“मी जाऊन येतो,” तो उठला.

“हेल्मेट?”

“राहू दे.”

पावणेचारला तो मस्तगडात पोचला. मोटारसायकली आता एकेचाळीस झाल्या होत्या. आकांक्षा मॅडम कडूबाच्या फळीवर टेकून टॅबलेटवर बोटं चालवत होती, कडूबा एका साडीला फॉल लावत होता. पुंजाराम दोघांच्या समोर उभा राहिला. त्याला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही. पण बत्तीस वर्षांच्या सवयीनं तो इतका मोठा फुटला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

“एक धरला होता!”

“काय धरला होता, काका?”

मग त्यानं सांगितलं. टेपचा चेंगरलेला फूट, भिंतीला लावलेला एक, न दिलेली आरोळी. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. मॅडमनं स्कार्फ तोंडावरून खाली ओढला. तिला यातलं मोजणीचं तेवढं पटकन कळलं. “म्हणजे फूट रस्त्यातच आहे. छान. तुमचा जबाब जोडला की मी दोनच फूट घेते. सातातून दोन, पाच. राहतं दुकान.” तिनं टॅबलेट पुढं केला. “फक्त इथं चुकीचं कारण निवडायचंय. नजरचूक, यंत्रातला बिघाड, नैसर्गिक आपत्ती, इतर. नजरचूक दाबू?”

“नजर चुकली नव्हती,” पुंजाराम म्हणाला. “इतर.”

“इतर नका घेऊ, मग टाइप करावं लागतं.”

“करा. लिहा, बोललो नाही.”

तिनं लिहिलं. टॅबलेटनं घेतलं नाही. किमान वीस अक्षरं पाहिजेत म्हणाला. “थोडं वाढवा, काका.”

खरं कारण त्या चौकटीत मावणारं नव्हतं. ते एका अंगणातून, एका कोनाड्यातून यायचं होतं. जेवढं मावेल तेवढं तरी. “लिहा,” तो म्हणाला. “तोंडात तंबाखू होती, पण गिळता आली असती.”

मॅडमनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग लिहिलं. टॅबलेट खूश झाला, हिरवी खूण आली. पुंजारामनं बोटानं सही केली. ती त्याची सही वाटत नव्हती, पण कुणीच हरकत घेतली नाही. “झालं. पुढचा नकाशा येईपर्यंत तुम्हाला कोणी हलवत नाही,” ती कडूबाला म्हणाली, आणि यंत्र घेऊन पुढच्या दुकानाकडं गेली.

पाच फूट. पुंजारामनं मनातल्या मनात मांडून पाहिलं. मशीन, कडूबा, आणि भिंत. गिऱ्हाईक रस्त्यावर. एवढं त्यानं वाचवलं होतं.

कडूबा दोरा दातानं तोडत होता. सगळं अंग वळवून त्यानं वर पाहिलं.

“मला ठाव व्हतं,” तो म्हणाला.

“कवापासून?”

“त्याच दिशी. गळ्यात टेप घालून बसतो मी, पुंजाराम. अन् माहा टेप पयल्या इंचापासून साबूत हाये.”

“मंग बोलला कामून न्हाई?”

“तू बोलशीन म्हून.” कडूबानं साडीची घडी घातली, कडेला कड लावून, बराबर. “एक साल मशीन सरळच ठुली व्हती. पाय रस्त्यात जायचे, सायकली धडकायच्या. म्हनलं, आज सांगंन, उद्या सांगंन. मंग आडवी केली.”

आता तो काय म्हणतो याची पुंजाराम वाट पाहत राहिला. शिवी असती तर त्यानं ती डोक्यावर घेतली असती. माफी असती तर कशी घ्यायची ते त्याला माहीत नव्हतं, पण घेतली असती. त्यानं दोन्ही हात फळीवर टेकले.

“काही तरी बोल ना लेका.”

कडूबानं चष्मा काढला. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, तो सावकाश उभा राहिला आणि फळीवरून पाय खाली सोडत म्हणाला, “दोन मिन्टं दुकानात बस जरा. सकाळधरनं या मोजनीपायी लघवीला जाता आलं न्हाई.”